वहिनी दरवर्षी एकच वाक्य मागायच्या

जमलेल्या सगळ्या मोठ्या मंडळींना नमस्कार करतो. बायाबापड्यांना, कॉलनीतल्या हिंदीवाल्या भिया लोकांना, आणि धारहून, वहिनींच्या माहेराहून आलेल्या तात्यांना. तात्या, तुम्ही उठू नका, बसूनच राहा.

माझं नाव पुकारलं तेव्हा मागे कुणीतरी म्हणालं, "अरे, हा कधी आला?" काल आलो, काका. सगळं उरकल्यावर आलो. मी विजेच्या मोठ्या लाइनीचे टॉवर उभे करतो, सध्या आसामच्या बाजूला आहे. ठेकेदाराच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी वर होतो. खाली उतरलो, निरोप ऐकला, आणि तिथून गाडी, मग गाडी, मग परत गाडी. इथे पोचलो तर अंगणात फक्त ओलं धोतर वाळत होतं.

मी वासंतीवहिनींचा धाकटा दीर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं.

मला बोलता येत नाही असं नाही. कामावर मला रेडिओ म्हणतात. पण इथे, वहिनींच्या फोटोसमोर, हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून बोलायचं म्हणजे जीभ वळत नाही. म्हणून लिहून आणलंय. आठवी नापास माणसाचं लिहिणं आहे, तेही हिंदी शाळेतल्या. मराठी सांभाळून घ्या.

वहिनी सकाळी चिनूला शाळेत सोडून आल्या. ओट्याशी उभ्या राहिल्या. "डोक्यात कळ आली हो," असं आईला म्हणाल्या आणि खाली बसल्या. परत उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, नस फुटली. इंदूरला नेलं, पण न्यायचं म्हणून नेलं. चाळिशीही आली नव्हती.

माझ्या आधी जे बोलले ते सगळे चांगलंच बोलले. कुणी म्हणालं सोशिक होत्या. कुणी म्हणालं शांत स्वभावाच्या. मी खाली बसून ऐकत होतो आणि मला वाटलं, ही शोकसभा दुसऱ्या कुणाची तर नाही? वहिनी आणि सोशिक? चिनूच्या शाळेचे हेडसर इथे पुढे बसले आहेत. सर, तुम्हीच सांगा. वहिनी शाळेच्या फाटकातून आत आल्या की तुम्ही चपराशाला सांगायचात, "कह दो साहब राउंड पे हैं." आणि वहिनी म्हणायच्या, "ठीक है, मैं बैठती हूँ, राउंड है तो घूमके यहीं आएगा."

हसा. हसलं तर चालेल. वहिनींना चाललं असतं.

सोशिक नव्हत्या त्या. एका पोरासाठी आणि त्याच्या एकेका वाक्यासाठी त्यांनी शाळेच्या नाकात दम आणला होता. ते नीट सांगितलं नाही तर मी आसामहून कशाला आलो?

चिनू म्हणजे चिन्मय. दादा-वहिनींचा एकुलता एक. तो बघा, पुढे आजीपाशी बसलाय. जन्मला तेव्हा लवकर रडला नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला सगळं उशिरा येईल आणि काही गोष्टी येणारच नाहीत. त्या वेळी लोक जे शब्द वापरायचे ते मी इथे म्हणत नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेत, आपल्यापैकी काहींनी वापरलेसुद्धा आहेत.

पण शाळेत घालायच्या वयापर्यंत त्याला थोडं बोलता यायचं. "पाणी दे." "आजी ये." "नको भात." इतकं. इतकं पुष्कळ होतं.

मग शाळा. कॉलनीतली सगळी मुलं जातात तीच हिंदी शाळा. पहिल्याच महिन्यात मॅडमनी दादाला बोलावून सांगितलं, "घर में भी हिन्दी बोलिए, बच्चा कन्फ्यूज़ होता है." आता आपली मराठी माणसं कशी आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांनी सांगितलं म्हणजे देवाने सांगितलं. दादा घरी आला आणि म्हणाला, उद्यापासून चिनूशी कुणी मराठी बोलायचं नाही.

आणि नाही बोलले! सगळं घर हिंदीत गेलं. वहिनी धारच्या, त्यांच्या माहेरी अजून पूजेच्या वेळी जुनी मराठी बोलतात, त्यासुद्धा "चिनू बेटा" करायला लागल्या. आणि आमची आई! आईची हिंदी भाजीवाल्यापुरती. तिला त्या भाषेत भाव करता यायचा, लाड करता यायचे नाहीत. "चिनू, तू दूध पीया क्या? नहीं पीया तो आजी रुसेगी." आई हसू नकोस, तू असंच बोलायचीस. मग तिची हिंदी संपली की ती नातवापाशी बसून नुसती जपमाळ ओढायची.

मी तेव्हा गुजरातेत होतो. दिवाळीला घरी आलो. मला हा नियम कुणी सांगितला नव्हता. आत आलो, बॅग टाकली, पोरगं भिंतीला टेकून बसलेलं. मी म्हटलं, "काय रे चिन्या, टेकडीवर येतोस का?"

तो म्हणाला, "येतो."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, परत विचारा."

"काय विचारू?"

"तेच. तसंच विचारा."

"टेकडीवर येतोस का रे?"

"येतो. चप्पल?"

चप्पल शोधत होता तो. वहिनी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मला नंतर कळलं की पोराने कितीतरी महिन्यांत एक शब्द उच्चारला नव्हता. त्यांना वाटलं होतं, डॉक्टर म्हणाले तेच झालं, जेवढं येणार होतं तेवढं येऊन गेलं. आणि इकडे पोरगं वाट बघत होतं की कुणीतरी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलेल.

वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून त्याचं वर्ष खाल्लं. आपणच खाल्लं." मग मला म्हणाल्या, "सुट्टी संपली की तुम्ही माझ्याबरोबर शाळेत चलायचं."

"मी? वहिनी, मी शाळेतून पळालेला माणूस!"

"म्हणूनच. तुम्हाला मास्तरांची भीती नाही. ह्यांना आहे."

दादा, राग मानू नकोस. खरं होतं.

गेलो आम्ही. वहिनींनी काय केलं माहीत आहे? ऑफिसात शिरल्या, कोपऱ्यातली खुर्ची ओढली, हेडसरांच्या टेबलासमोर ठेवली आणि बसल्या. "मैं बैठूँ?" असं विचारलं नाही. मी उभाच राहिलो, मला सवय आहे.

सर म्हणाले, "देखिए, बच्चा बहुत अच्छा है. शांत है. किसी को तकलीफ़ नहीं देता."

वहिनी म्हणाल्या, "तकलीफ़ नहीं देता, वही तो तकलीफ़ है, सर."

सरांनी चिनूची कॉपी, म्हणजे वही, मागवली. एकपासून शंभरपर्यंत आकडे, मोत्यासारखे. "कितना सुंदर लिखता है, देखिए." वहिनींनी चिनूला बोलावलं, टेबलावरचा खडूंचा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "चिनू, मला तीन दे." चिनूने डबाच उचलून दिला आणि हसला. त्याला वाटलं आईला खडू हवेत, तर सगळे देऊन टाकू.

सर म्हणाले, "पास तो हम कर देंगे, आप चिंता मत कीजिए."

"पास मत कीजिए. मुझे एक वाक्य चाहिए."

"क्या चाहिए?"

"एक वाक्य. मार्च तक. प्यास लगे तो वह खुद उठे, मैडम के पास जाए और बोले, मला पाणी पाहिजे. पूरा बोले. बाकी साल भर कुछ नहीं सिखाया तो भी चलेगा."

सर हसले. "भाभीजी, यह तो मराठी है. एक बच्चे के लिए पूरा स्कूल मराठी सीखे?"

"पूरा स्कूल नहीं. एक मैडम. और पूरी मराठी नहीं, तीन शब्द. माँगना आ गया तो हिन्दी भी आ जाएगी. पहले माँगने तो दो."

सर म्हणाले हे कोर्समध्ये येत नाही. वहिनी म्हणाल्या, तहान कोर्समध्ये येत नाही, पण लागते. असं बराच वेळ चाललं. मी मधे एकदाच बोललो. म्हटलं, "सर, मैं भी आपके यहाँ पीछे की बेंच पे बैठता था, शांत. मैं क्या बना देख लीजिए." सरांना ते पटलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

दारात एक तरुण मॅडम उभ्या होत्या. कन्नौदच्या. त्या म्हणाल्या, "सर, मैं कर लूँगी. मेरे घर में मालवी बोलते थे, पहली में मुझे भी कुछ समझ नहीं आता था."

त्या मॅडमना वहिनींनी काय शिकवलं ते ऐका. तात्या, हे तुमचं आहे. तुम्ही देवळात पोरांना स्तोत्राची संथा द्यायचात. गुरूने दोनदा म्हणायचं, शिष्याने दोनदा म्हणायचं. रोज तीच जागा, तीच वेळ, आणि एक ओळ बसल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. वहिनी लहानपणी ते ऐकत वाढल्या. मुलगी म्हणून त्यांना कुणी संथा दिली नव्हती, पण खांबाआड बसून सगळं शिकल्या होत्या. तीच रीत त्यांनी पोराला लावली. घरी पाटावर बसवून, आणि शाळेत मटक्याजवळ उभं करून.

मॅडमना म्हणाल्या, "दो बार आप, दो बार वह. बीच में हँसना नहीं. शाबाशी भी नहीं देना. पानी देना. पानी ही शाबाशी है."

शाळेतले बाकीचे चिडवायचे, "मराठन मंतर फूँक रही है मटके पे." फुंकू द्या म्हणाल्या.

होळीच्या सुमाराला एक दिवस त्या मॅडम संध्याकाळी घरी धावत आल्या. दम लागलेला. "भाभी, आज माँगा! खुद आया! पूरा बोला! और मैं इतनी घबरा गई कि गिलास ही नहीं मिला, मैंने पूरा मटका उठाके उसके सामने रख दिया."

त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. आईने मला फोनवर सांगितलं, वहिनींनी साखर दोनदा घातली.

हे एक वर्षाचं काम, मंडळी. एक वाक्य.

मग पुढच्या वर्षी दुसरं. वर्गातली पोरं त्याच्या डब्यातला पराठा रोज काढून खायची आणि हा बघत बसायचा. वहिनी परत खुर्ची ओढून बसल्या. "इस साल उसे 'नको' सिखाना है." सर म्हणाले, "भाभीजी, स्कूल में हम हाँ बोलना सिखाते हैं." वहिनी म्हणाल्या, "हाँ तो सब सिखाते हैं, सर."

आणि तो "नको" शिकला हो! इतका शिकला की पावसाळाभर आंघोळीला नको, औषधाला नको, दादाला नको. शाळेत तपासणीला मोठे साहेब आले, त्यांनी विचारलं, "बेटा, नाम क्या है?" चिनू म्हणाला, "नको." सर, आता हसताय, तेव्हा हसला नव्हतात.

पण पराठा वाचला.

हे मी सांगतोय तेव्हा असं वाटेल की एक पायरी, मग दुसरी, मग तिसरी. तसं नव्हतं. कन्नौदच्या मॅडमचं लग्न झालं, त्या लोहारद्याला गेल्या. जुलैत नवीन मॅडम आल्या. त्यांना काहीच माहीत नाही. चिनू मटक्याजवळ जाऊन उभा राहिला, वाक्य म्हणाला, आणि मॅडम म्हणाल्या, "जगह पर बैठो." तो बसला. दुसऱ्या दिवशी परत गेला नाही. वहिनींनी मला फोनवर सांगितलं, "भाऊजी, पुन्हा पहिल्यापासून." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "सोडा ना वहिनी. घरी बोलतो ना तो?" तर म्हणाल्या, "घरी काय, घरी मी न मागताच देते. मी कुठवर पुरणार?"

मी कुठवर पुरणार. हे त्या धडधाकट असताना म्हणाल्या.

दर जुलैत हेच. नवीन मॅडम, नवीन खुर्ची ओढणं, जुनं वाक्य पुन्हा कमवायचं आणि मग नवीन मागायचं. लोक त्यांना म्हणायचे, काय मिळवता? तो कधी आठवी करणार आहे? माझ्याकडे बघून म्हणायचे, आठवी तर याच्याने पण झाली नाही. वहिनी म्हणायच्या, "आठवी नको मला. माझ्यामागे त्याला माणसांकडे जाता आलं पाहिजे."

या वर्षीचं वाक्य मोठं होतं. "मी चिन्मय. मला घरी जायचं आहे." शाळा सुटल्यावर न्यायला कुणी आलं नाही तर मोठ्या माणसाकडे जायचं आणि हे म्हणायचं. घरच्यांना तो म्हणून दाखवायचा. आईला, दादाला. मला फोनवरसुद्धा म्हणून दाखवलं. पण परक्या माणसाकडे जाईना. वाटच बघत बसायचा. त्याच्यासारखी वाट कुणाला बघता येत नाही.

मग वहिनींनी काय करावं? शाळा सुटायच्या वेळी त्या फाटकाशी यायच्या, पण समोर जायच्या नाहीत. रस्त्यापलीकडच्या कडुनिंबामागे उभ्या राहायच्या. पोरगं दिसायचं. सगळी मुलं जायची, हा पायरीवर. वहिनी झाडामागे. थोडा वेळ थांबायच्या, मग जायच्या आणि घेऊन यायच्या. रोज थोडा जास्त वेळ. मला फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या पायात गोळे येतात हो. पण तो उठतो की नाही ते बघायचंय." मी म्हटलं, "तुम्ही दुष्ट आहात." म्हणाल्या, "आहेच."

वर्षभर या नव्या मॅडमनाही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, देखेंगे. त्यांच्या वर्गात पोरं खच्चून भरलेली असतात, मी त्यांना बोल लावत नाही.

आता मी त्या दिवसाचं सांगतो. मला सांगितलं पाहिजे.

त्या दिवशी वहिनींना दवाखान्यात नेलं. दादा कारखान्यातून तिकडेच पळाला. आई तिकडे, शेजारी तिकडे. चिनू कुणाच्या ध्यानात राहिला नाही. कुणाचीच चूक नाही. ज्या बाईच्या ध्यानात राहायचा तीच तिथे पडलेली होती. दिवे लागायच्या वेळेला दादाला आठवलं.

आणि आज, याच जागी उभं राहून, हेडसर म्हणाले, आणि प्रेमानेच म्हणाले, मी ऐकलंय, "बच्चा इतना समझदार है, शाम तक चुपचाप बैठा रहा, ज़रा भी नहीं रोया. ऐसे संस्कार दिए माँ ने."

सर, तुम्ही आमच्या दुःखात आलात, मोठे आहात. पण ही एक गोष्ट मी जाऊ देणार नाही.

तो चुपचाप बसला नव्हता.

काल त्याच्या मॅडम घरी भेटायला आल्या. दादासमोर बसल्या आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी त्यांना मानतो. म्हणाल्या, मी गेटजवळ कॉप्या गोळा करत होते. हा पायरीवरून उठला, माझ्याकडे आला, आणि काहीतरी म्हणाला. मला वाटलं असंच बडबडतोय. मी म्हटलं, चुप बैठो, मम्मी आ रही है. तो तिथेच उभा राहिला आणि परत तेच म्हणाला. मी परत म्हटलं, बैठो. मग बसला.

मॅडमनी दादाला विचारलं, "भैया, 'मी चिन्मय' से कुछ शुरू होता था. क्या बोल रहा था वो?"

दादा उठून आत गेला. उत्तर मी दिलं.

मंडळी, कळतंय का मी काय सांगतोय ते? ज्यासाठी ती बाई उन्हात झाडामागे उभी राहिली, ते त्याने केलं. उठला. परक्या माणसाकडे गेला. पूरा बोलला. दोनदा. त्या वेळेला वहिनी इंदूरच्या वाटेवर होत्या, नाहीतर नव्हत्याच. बघायला झाडामागे कुणी नव्हतं.

आणि आपण त्याला काय दिलं? पाणी मागितल्यावर पाणी दिलं तेव्हा तो पुन्हा मागायला शिकला. हे मागितल्यावर त्याला मिळालं, चुप बैठो. त्या दिवसापासून तो बोललेला नाही. पाणीसुद्धा मागितलेलं नाही. आजी न मागताच देते.

घरात सगळे त्याला सांगतायत, आई इंदूरला गेलीय, येईल. का सांगता? तो कधीच विचारत नाही म्हणून सोपं जातं का? त्याला काय वाटत असेल? मला विचाराल तर त्याला वाटतंय आई झाडामागे उभी आहे. यावेळी फार वेळ उभी आहे, एवढंच. आज सकाळी मी त्याला मराठीत सांगितलं. "चिनू, आई मेली. ती आता येणार नाही." माझ्या आईने मला मारलं त्यासाठी, या वयात. मारू दे. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग दाराकडे. कळलं की नाही, मला माहीत नाही. रोज सांगावं लागेल. दोनदा आपण, दोनदा तो. त्याच जागी, त्याच वेळेला.

आता सभा सुरू व्हायच्या आधी बाहेर काय झालं ते सांगतो. हेडसर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "अब बच्चे को घर पर ही रखिए, कौन लाएगा, कौन ले जाएगा." आणि आमच्यातल्याच एक-दोघांनी सांगितलं, भोपाळकडे असल्या मुलांचं हॉस्टेल आहे, तिथे शांत राहील. दादाने मान हलवली.

दादा, मान हलवू नकोस. तुझी शिफ्ट आहे, मला माहीत आहे. तू थकलास, तेही माहीत आहे. हॉस्टेल चांगलं असेलही, जाऊन बघ, विचार कर. पण तो शांत राहील म्हणून नको. तो शांत राहू नये यासाठी तुझ्या बायकोने एवढी वर्षं घालवली.

मी थांबतो, मी पोराला सांभाळतो, असं मी इथे म्हणणार नाही. तुम्ही सगळे मला ओळखता. मी एका जागी राहिलेला माणूस नाही. आज भरात म्हणेन आणि पावसाळ्यानंतर पळेन, आणि मग चिनूला अजून एकाची वाट बघावी लागेल. म्हणून शब्द देत नाही. पुढच्या जुलैपर्यंत काम इकडे कुठे मिळतं का ते बघतोय, एवढंच खरं.

पण मागू तर शकतो. वहिनींनीच शिकवलंय, मागायचं.

सर, मला एक वाक्य पाहिजे. सोमवारी चिनू शाळेत येईल. त्याच्या मॅडमनी पायरीपाशी उभं राहायचं. तो आला की त्यांनी म्हणायचं, "मी ऐकलं. तू म्हणालास, मी ऐकलं." मराठीत म्हणायचं. कालच मी त्यांना शिकवलं, त्यांनी रडत रडत दोनदा म्हणून दाखवलं. तुम्ही फक्त नाही म्हणू नका. कोर्समध्ये नसेल. घाला.

दादा, सोमवारी तू पण जा. हात जोडू नकोस. खुर्ची ओढ आणि बस.

आणि तुम्ही सगळे. तुमची मुलं त्याच शाळेत आहेत. रस्त्यात, फाटकापाशी, देवळात, चिनू तुमच्यापाशी येऊन काहीतरी म्हणेल. आज नाही म्हणणार. कदाचित वर्षभर म्हणणार नाही. पण जेव्हा म्हणेल तेव्हा "शहाणा आहे, बस हं" म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे जाऊ नका. थांबा. ऐका. त्याला जे हवंय ते द्या, नाहीतर नाही म्हणा, पण उत्तर द्या. वहिनी तुमच्याकडे यापेक्षा जास्त काही मागत नव्हत्या.

वहिनी, मी उशिरा आलो. तुम्ही म्हणाला असतात, "आलात ना, मग हात धुवा आणि पानावर बसा." नमस्कार करतो तुम्हाला. वाकून करतो.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहणार आहोत. रीत आहे, राहूया. पण एक सांगतो. चिनू आपल्यात आहे. या दोन मिनिटांत त्याला तहान लागली, घरी जावंसं वाटलं, आईला हाक मारावीशी वाटली, आणि त्याच्या तोंडून काही निघालं, तर कुणीही त्याला "शू" म्हणायचं नाही. जो त्याच्या जवळ असेल त्याने खाली वाकून उत्तर द्यायचं. मोठ्याने दिलं तरी चालेल. शांतता मोडली तरी चालेल.

उभे राहा.